मॅनेजर कधी जाणार

मंदीच्या वर्षी दुबईतल्या आमच्या फॅक्टरीत डिझाइन विभागाचा प्रमुख अमेरिकन होता. बेसबॉलमध्ये प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं. त्याचा आवडता संघ सारखा हरायचा. त्यामुळे चहा घेताना, त्यांचा मॅनेजर कधी जाणार आणि त्याच्या जागी कोण येणार, यावर आम्ही रोज अंदाज बांधायचो.

मी एचआरमध्ये होतो. एका सकाळी त्याच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र मलाच द्यावं लागलं. त्याने ते शांतपणे वाचलं.

"माझ्या जागी कोण?"

"कुणी नाही. विभागच बंद होतोय."

"आणि तू?"

"माझं पत्र महिनाअखेरीस मिळेल. टाइप मीच केलंय."

तो उठून पँट्रीत गेला आणि दोघांसाठी चहा घेऊन आला.