दिव्याची कावीळ

भोसरीत कुणाच्या घरी डोहाळजेवण ठरलं की आचाऱ्याच्या आधी जयमालाबाईंना निरोप जायचा. फुलांचा मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं त्या ओवायच्या, आणि निशिगंधाची कळी न् कळी अशी पारखून घ्यायच्या की फुलवाल्यानं लांबूनच हात जोडावेत. धाराशिवकडून आल्यावर नवऱ्याला, नानासाहेबांना, वर्कशॉपात लेथवर काम मिळालं आणि बाईंनी भाड्याच्या खोलीत सुईदोरा हाती धरला. त्यावरच दोन्ही लेकी शिकल्या. जीभ मात्र पहिल्यापासून फटकळ. एखादी गर्भारशीण आरशात बघून नाक मुरडायला लागली तर बाई तोंडावर सांगायच्या, "फुलं चांगलीच हायत गं, आधी तू जरा हास."

थोरली दिव्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिचेही दागिने बाईंनीच ओवले. बाजूबंद दंडाला घट्ट झाला. दोरा सैल करत बाई हसल्या, "बाळाच्या आधी आईनंच बाळसं धरलंय." पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं. पहिलटकरणीचं असं व्हायचंच, असं शेजारणी म्हणाल्या आणि बाईही म्हणाल्या. एका दुपारी जेवता जेवता दिव्याला झटके आले. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं होतं, संध्याकाळी दिव्या गेली. रक्तदाब चढला होता, डॉक्टर म्हणाले, याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. तो शब्द बाईंना कधी नीट उच्चारता आला नाही आणि कधी विसरताही आला नाही. डोहाळजेवणाची फुलं त्यांनी त्या दिवसापासून सोडली. देवाचे हार आणि लग्नाच्या मुंडावळ्या तेवढ्या ओवायच्या.

पुढं धाकट्या साक्षीचं लग्न काढलं. स्थळ आणणारा मध्यस्थ मोठा व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "थोरली बाळंतपणात गेली म्हणालात तर धाकटीला कोण करून घेईल? कावीळ झाली होती म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची." नानासाहेब खाली बघत राहिले. बाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरली. एरवी जगाला सुनावणारी बाई, पण लेकीच्या लग्नापुढं भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

स्थळ आकुर्डीचं होतं. मुलगा मिहिर चाकणच्या कंपनीत, त्याची आई पद्मजाबाई बालवाडीच्या शिक्षिका. माणसं चांगली निघाली, आणि तेच बाईंना जास्त टोचायचं. सुनेच्या माहेरी काविळीनं तरणीताठी पोर गेली म्हणून पद्मजाबाई साक्षीला पाणी उकळून देत, बाहेरचा उसाचा रस पिऊ देत नसत. बाई ते ऐकायच्या आणि आतल्या आत शरमेनं अर्ध्या व्हायच्या.

मग साक्षीला दिवस गेले. तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही ही रीत, पण आईला सांगितल्याशिवाय कुठली लेक राहते? कंपनीतून निघताना तिनं फोन केला. आनंदाचं बोलून झालं, आणि मग तिचा आवाज बारीक झाला.

"आई, डॉक्टरांनी विचारलं, आई-बहिणीला कुणाला गरोदरपणात बीपीचा त्रास होता का? सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी नाही म्हणाले."

"का बरं विचारलं त्यांनी?"

"तिसऱ्या महिन्यात रक्ताची एक तपासणी असते. बाळाच्या वारेतून आईच्या रक्तात काही घटक उतरतात. ते कमी भरले तर पुढं बीपी चढायचा धोका आहे, हे आधीच कळतं म्हणे. घरात कुणाला झालं असेल तर करूनच घेऊ, असं डॉक्टरबाई म्हणाल्या."

"आन् कळून उपयोग काय?"

"रोज रात्री एक लहानशी गोळी. पण ती आत्ताच सुरू करायला हवी. उशिरा घेतली तर काही फायदा नाही."

"मग सांग की त्यांना! आजच सांग."

"आता काय सांगू? दोन वर्षं खोटं बोलत होतो म्हणून? मला त्या घरात नांदायचंय, आई. तू मधे पडायचं नाही. तुला माझी शपथ आहे."

रात्रभर ती शपथ बाईंच्या उरावर बसून होती. मोडली तर पोरीला लागणार, आणि पाळली तरी पोरीलाच. सकाळी त्यांनी बरं लुगडं नेसलं, आकुर्डीची बस धरली आणि साक्षी कामावर असताना विहिणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पद्मजाबाईंनी हसून आत घेतलं, चहाचं आधण ठेवलं. बाई बसल्यासुद्धा नाहीत.

"विहीणबाई, माझ्या दिव्याला कावीळ न्हवती झाली."

मग सगळं सांगितलं. सुजलेले पाय, झटके, मध्यस्थाचा सल्ला, काहीच राखून ठेवलं नाही. पद्मजाबाईंनी गॅस बंद केला.

"दोन वर्षं मी पाणी उकळतेय, जयमालाताई," त्या म्हणाल्या. "एकदा तरी सांगायचं होतं."

एवढंच बोलल्या आणि त्यांनी दवाखान्याला फोन लावला.

आईशी अबोला धरूनच साक्षी तपासणीला गेली. रिपोर्ट घ्यायला जाताना पद्मजाबाईंनी बाईंनाही बोलावलं, पण सारं मोजून मापून, पाहुण्याशी बोलावं तसं. डॉक्टर तरुण होत्या, मनमोकळ्या. धोका आहे, त्या म्हणाल्या. गोळी आजपासून सुरू, बीपी वारंवार बघायचं, मधे सोनोग्राफी. धोका अगदी जाईल असं नाही, पण पुष्कळ कमी होईल. "बरं झालं वेळेत सांगितलंत," त्या बाईंना म्हणाल्या.

साक्षीचे डोळे भरून आले, पण ती मिहिरचा हात धरून बाहेर गेली. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"डॉक्टरबाई, ही तपासणी नवीन निघाली का?"

"काही वर्षं झाली."

"सहा वर्षांमागं होती?"

डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "होती. पण तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं. आणि तेव्हा केली असती तरी काय झालं असतं, हे खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही."

"आन् ती गोळी?"

"ती फार जुनी आहे."

कुणाला कळणार होतं, कुणाच्या हातात होतं, या एका विचारावर बाईंनी सहा वर्षं काढली होती. दिव्या गेली त्या दुपारीही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

घरी नानासाहेब दारातच बसले होते. थोरली गेल्यापासून माणूस निम्मा झाला होता. लेथवर हात थरथरतो म्हणून काम सुटलं, बोलणं त्याच्याही आधी सुटलं होतं.

"काय म्हनल्या?"

"येळेत कळलं. गोळी चालू केलीया. साक्षी नीट ऱ्हाईल."

त्यांनी मान हलवली. मग बाईंकडं न बघता हळूच विचारलं, "आपल्या दिवीच्या येळंला होतं का गं असलं काई?"

बाई चप्पल काढत होत्या. दुसरी चप्पल काढायला त्यांना जरा वेळ लागला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आत्ता आत्ता निघालंय."

"मग काय," नानासाहेबांनी सुस्कारा सोडला. "आपल्या हातात काय होतं."

"काईच न्हवतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं ताट वाढायला आत गेल्या.