गादीवरची तीन वर्षं

आमच्या बाजारात वकील शोधणं म्हणजे घरातलं भांडण चव्हाट्यावर नेणं समजतात. डॉक्टर विचारला तर चार जण पत्ते देतील. वकील विचारला तर लोक आधी तुमच्या तोंडाकडे पाहतात आणि मग हळूच विचारतात, कोणाशी वाजलं? मीही अशीच होते. म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी फार शिकलेली नाही, जसं बोलते तसंच लिहिते, समजून घ्या.

गांधीबागेत आमचं ठोक कापडाचं दुकान होतं. अस्तर, परकराचं कापड, पॉपलिन. दोघांची भागी, आमचे हे आणि त्यांचा एक मित्र. माल आणायचा ह्यांनी, कामठीच्या हातमागवाल्यांकडून, बाहेरगावाहून, विकायचा त्याने. आम्ही कामठीलाच राहतो, तो शहरात. मी त्याला भाऊजी म्हणायची, तो मला वहिनी. सत्तावीस वर्षं दोघांचं एका ताटात जेवण. कागद एकच, भागीपत्र, तेही कोणाच्या तरी सांगण्यावरून केलेलं.

हे गेले ते ऐन उन्हाळ्यात. दोन दिवस दवाखान्यात होते, तिसऱ्या दिवशी संपलं. आम्हाला एक मुलगीच, ती लांब सासरी. अग्नी पुतण्याने दिला. दहाव्याला कन्हान नदीच्या घाटावर सगळे जमले. पुतण्याचं मुंडण झालं आणि न्हावी वस्तरा पुसत होता, तर भाऊजी त्याच्यासमोर जाऊन बसला. न्हाव्याने विचारलं, "तुम्ही कोन गा?"

तो म्हणाला, "लहान भाऊ."

असे भरघोस केस होते त्याचे. सगळे खाली वाळूत पडले. घाटावरच्या बाया रडल्या, मी तर रडलेच. माझी नणंद म्हणाली, "सख्ख्या दिरानं केलं नसतं वं असं." मीही ते नंतर कितीतरी जणींना सांगितलं. माझ्या तोंडून हजारदा निघालं असेल, भाऊजीने मुंडण केलं.

तेरवी झाली आणि तो घरी आला. म्हणाला, "वहिनी, घरी बसून भिंती पाहून राहणार का? गादीवर या. दादाची जागा खाली नाही ठेवायची."

मी जाऊ लागले. सकाळचं आटोपून ऑटोत बसायचं, अकराला गांधीबागेत. चपला बाहेर काढायच्या, पांढऱ्या गादीवर ह्यांच्या लोडाला टेकून बसायचं. डोक्यावर खिळ्याला ह्यांचा गज टांगलेला. कापड मोजायचा लोखंडी गज. मीटर येऊन जमाना झाला तरी आमच्यात त्याला गजच म्हणतात. एका टोकाला ह्यांचा अंगठा लागून लागून तो गुळगुळीत झाला होता. पहिले दोन महिने मी नुसती बसून असायची. मग हळूहळू कळू लागलं. चिमटीत धरून सुती किती, मिसळ किती, सांगू लागले. शिलाईवाल्या बाया माझ्याकडेच यायच्या, काकू रंग जाईल का, काकू धुतल्यावर आटेल का. बाराच्या ठोक्याला चहा. पहिला कप भाऊजी स्वतः माझ्यापुढे ठेवायचा. घरखर्चाचं दर महिन्याला हातात द्यायचा. कुठे सही नाही, कुठे नोंद नाही. मी कधी मागितली नाही. कशाला मागू, ज्याने घाटावर केस उतरवले त्याच्याकडे?

तीन वर्षं गेली. वर्षश्राद्ध तीनदा झालं. तिसऱ्याला तो जेवायला आला होता, पुरणपोळी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर एखादा महिना झाला असेल. चहा झाल्यावर म्हणाला, "वहिनी, उद्यापासून त्रास नका घेऊ. पोरगा बसणार आहे इथं. तुम्ही या वयात ऑटोचे धक्के काहून खाता?"

मला वाटलं, मस्करी करतोय. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी गेले. माझ्या जागेवर त्याचा मोठा मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. चांगला पंचवीस-सव्वीसचा, बाहेर शिकून आलेला. म्हणाला, "काकू, पप्पांशी बोलून घ्या." मी चपला न काढता उभी होते. तीन वर्षांत पहिल्यांदा.

भाऊजी आतून आला. मी म्हटलं, "आमची अर्धी भागी आहे ना इथे?"

तो मान खाली घालून कापडाचे ताके सरळ करत राहिला. म्हणाला, "भागी दादासोबत होती, वहिनी. दादा गेले, भागी गेली. कायदा आहे तसा."

सत्तावीस वर्षांत त्याच्या तोंडून कायदा हा शब्द मी ऐकला नव्हता.

आता इथून माझं वकील शोधणं सुरू झालं. मला पैशाअडक्याचं फार नव्हतं, मुलगी टाकून देणारी नाही. मला ती जागा पाहिजे होती. अकरा वाजता जाऊन बसायला एक जागा, जिथे मला कोणी रंग जाईल का म्हणून विचारेल. घरात सकाळी अकरा वाजले की माझे पाय आपोआप चपलेकडे जायचे.

शेजारणीच्या बहिणीचा मुलगा वकील होता. म्हटलं, ओळखीचा बरा. जिल्हा कोर्टाच्या आवारात त्याचं टेबल. त्याने भागीपत्र उलटंपालटं केलं आणि विचारलं, "काकू, काकांचा पोस्टमार्टेम रिपोर्ट आहे का?"

"कशाला बाबा? ते आजारपणानं गेले."

"नाही, असू द्यावा फाइलला."

मग कळलं, त्याचं सगळं काम गाड्यांच्या अपघाताचं. पण नाही म्हणेल तर शपथ. "होऊन जाईल काकू. फसवणुकीची तक्रार टाकू, ठाण्यात बोलावू, सरळ येतो की नाही पाहा." मी तीनदा गेले. तिन्हीदा तेच, होऊन जाईल. तिसऱ्यांदा तर त्याने ह्यांचं नाव चुकीचं लिहिलं आणि मला सही करा म्हणाला. मी सही केली नाही आणि निघून आले.

दुकानात यायची ती एक शिलाईवाली बाई मला रस्त्यात भेटली, तिच्याजवळ बोलले. ती माझ्यावरच चिडली. "काकू, पाय मोडला तं दाताच्या डॉक्टरकडे जाता का तुम्ही? व्यापाराच्या भांडणाचे वकील वेगळे राहतात. सदरले जा, मोठ्या वकिलायचे ऑफिस तिकडंच हायेत." तिच्या मालकिणीने कोणाकडून काम करून घेतलं होतं, तो पत्ता तिने आणून दिला.

सदरला जिना चढून मोठं ऑफिस होतं. काचेचं दार, बसायला सोफा, बाहेर टेबलाशी एक म्हातारा मुन्शी. साहेब मीटिंगमध्ये होते. मुन्शीने फर्मचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"हो हो, ते अस्तरवाले." त्याचा चेहरा उजळला. "बसा ना. त्यायच्या घरच्या का तुम्ही?"

मी काही बोलायच्या आतच तो पुढे बोलत होता. म्हातारी माणसं अशीच, मीही तशीच आहे. "भाऊ वारला होता ना त्यायचा. तेव्हा आले होते. नवंनवं मुंडण, वरून टोपी. साहेबानं त्यायच्यासाठी एसी बंद करायले लावला होता, म्हने डोक्याले थंडी वाजून राहिली. एवढ्या उन्हाळ्यात आम्ही सारे घामानं भिजलो होतो. मोठं प्रेम होतं भावाभावाचं."

मी त्याला विचारलं, "केस किती वाढले होते?"

तो हसला. "कायचे केस? चिकना गोटा. दोन-चार दिवसांचंच असन."

मी हिशेब केला. दहावा, तेरवी, आणि मग तो माझ्याकडे आला, गादीवर या म्हणायला. म्हणजे घाट आणि माझं घर याच्या मध्ये सदरचा हा जिना होता.

साहेबांनी आत बोलावलं. फर्मचं नाव ऐकलं आणि कागद हातातही घेतला नाही. चांगला माणूस असावा. म्हणाले, "ताई, मी तुमचं काही ऐकून घेऊ शकत नाही. समोरची बाजू माझ्याकडे आहे." मी उठले तर त्यांनी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. "या बाईंकडे जा. आणि आजच जा."

आजच का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

त्या वकीलबाई दोन गल्ल्या सोडून, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर बसायच्या. कूलर, दोन खुर्च्या, टेबलावर डबा उघडा. मला पाहून त्यांनी डबा बंद केला आणि हात धुऊन आल्या. मी आपली सुरुवात केली, सत्तावीस वर्षांपासून. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आई, चारच गोष्टी विचारते." भागीदार किती होते? दोन. वारले कधी? तारीख सांगितली. त्यानंतर समोरच्याने तुमचा हिस्सा आहे असं कुठे लिहून दिलं? नाही. जीएसटीत, बँकेत, कुठे तुमचं नाव चढलं? नाही.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग बोटांवर मोजलं, मग परत एकदा मोजलं. म्हणाल्या, "मुदत संपून दोन महिने झाले."

"कसली मुदत? दुधाची पिशवी आहे का ती?"

त्या हसल्या नाहीत. "दोघांची भागी असली की एक गेल्यावर फर्म त्याच दिवशी संपते. त्या दिवसापासून तीन वर्षांत हिस्सा मागायचा असतो. नंतर कोर्ट दारात उभं करत नाही."

"पण मी तिथेच बसत होते ना. रोज. त्याच्या शेजारी."

"बसत होता हे कुठे लिहिलंय?"

मी खुर्ची पुढे ओढली. मग म्हटलं, "त्यानं बसवलं म्हणून मी कुठे गेले नाही."

कूलरचं पाणी संपत आलं होतं, तो घरघर करत होता. बाई म्हणाल्या, "दावा टाकता येतो. मी फी घेईन, तुम्ही तीन-चार वर्षं येत राहाल. टिकणार नाही. मला तुमच्याकडून ते घ्यायचं नाही. घरी जाऊन एकेक कपाट पाहा. त्याच्या हातचा, त्या तीन वर्षांतला, हिस्सा कबूल केल्याचा एक कागद मिळाला तर धावत या. दोन ओळी असल्या तरी चालतील."

आठ दिवस मी घर उपसलं. ह्यांच्या पेट्या, माझ्या पेट्या, पंचांगाच्या पानांमध्येसुद्धा. त्या तीन वर्षांतले त्याच्या हातचे मिळाले ते लक्ष्मीपूजनाच्या निमंत्रणाचे तीन कागद. वर लिहिलेलं, "आदरणीय वहिनी, सहकुटुंब यावे." मी ते घेऊन गेले. बाईंनी उलटून पाहिले आणि परत माझ्या हातात दिले.

ज्या बाईला शोधायचं होतं ती हीच होती, हे मला पटलं. फी घेतली नाही, खोटं बोलली नाही, मी सांगितलेली तारीख तिने दोनदा मोजून पाहिली. तीन वर्षं रोज अकरा वाजता मी तिच्यापासून एका ऑटोच्या अंतरावर बसून होते.

मग मी एकदा गांधीबागेत गेले. भांडायला नाही. मुलगा नव्हता, भाऊजी एकटाच होता. मी म्हटलं, "ह्यांचा गज द्या."

त्याने लगेच स्टुलावर चढून काढला. फडक्याने पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली. म्हणाला, "चहा घेता का, वहिनी?"

मी बाहेरच्या पायरीवर बसले. चहा आला. मी प्यायले, काय सांगू, सवय होती. मग म्हटलं, "घाटावरून तुम्ही सदरला गेला होता. टोपी घालून."

त्याने कप खाली ठेवला. समोरून हातगाडीवाला ताके घेऊन गेला, त्याला भाऊजीनेच वाट करून दिली.

"मी भेलो होतो वहिनी," तो म्हणाला. "मले वाटलं, तुम्हीच पहिले वकिलाकडे जासान. पुतण्या तुमचा हुशार. वाटलं, दुकान टुटते आता. म्हणून विचारून आलो." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पण तुम्ही गेलाच नाही."

"आणि मुंडण?"

"ते काहून विचारता?" त्याचे डोळे भरून आले होते. खरे भरले होते, मी पाहिलं. "भाऊच होता तो माझा."

मला अजून कळत नाही, यातलं मी काय करू. खोटं असतं तर सोपं झालं असतं. मी उठले. त्याने चप्पल सरळ करून दिली. गादीवर या असं तो म्हणाला नाही, येते असं मीही म्हटलं नाही.

परतीच्या ऑटोत गर्दी होती. गज आडवा बसेना, पायांत धरून उभा ठेवला, तर तो शेजारच्या माणसाच्या कानाला लागू लागला.

"मावशी, काय हाये हे? लागून राहिलं मले."

"कापड मोजायचा गज."

"दुकान हाये का तुमचं?"

ऑटो सुरू झाला होता. मी अर्धी बाहेर, एका हाताने दांडी धरून होते. म्हटलं, "बाबा, जरा तिकडे सरक. मले बसू दे."