अक्कांची कोपऱ्यातली खुर्ची

खरा गुरू शिष्याला बंधनातून सोडवतो, असं शिक्षक दिनाच्या भाषणात दर वर्षी सांगतात. अक्कांनी मला दोन वर्षं भिंत आणि टेबल यांच्यामध्ये अडकवून ठेवलं होतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली एवढीशी. तिच्यात एक लोखंडी टेबल आणि दोन खुर्च्या. विद्यार्थ्याची खुर्ची कोपऱ्यात; दोन बाजूंना भिंत, समोर टेबल आणि उरलेल्या चौथ्या बाजूला अक्का. अक्का अंगानं भरभक्कम होत्या. त्या बसल्या की बाहेर पडायची वाट बंद. पहिल्याच दिवशी खुर्ची पुढं ओढून त्या म्हणाल्या, "पावणं, आता उत्तर आल्याशिवाय उठायचं न्हाय." मला वाटलं, गंमत करतायत.

अक्का कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर शिरोळकडचं, जैन शेतकऱ्याचं. भावंडांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी शहरात मोठमोठे क्लास होते; एकेका हॉलमध्ये दोनदोनशे पोरं आणि बाहेरच्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या हुशार पोरांचे फोटो. अक्का मात्र एका वेळी एकालाच घ्यायच्या. "घोळक्यात चूक लपून बसती," त्या म्हणत. "एकट्याची चूक कुठं जाईल?" माझ्या चुकांना खरोखरच जायला जागा नव्हती. मलाही नव्हती.

त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे एकच शब्द. "फिनॉल अ‍ॅसिडिक का?" त्या विचारायच्या. मी "रेझोनन्स" असा शब्द टाकायचो. क्लासमध्ये हा शब्द टाकला की पोरगं हुशार समजलं जाई. अक्का म्हणायच्या, "ते नाव झालं. का?" मी वहीत बेंझिनची रिंग काढायचो. "ते चित्र झालं. का?" चौथ्या 'का'ला माझी माहिती संपायची आणि पाचव्या 'का'ला, कधीकधी, काहीतरी समजायला लागायचं. लिहायचं ते पेनानं, आणि खोडायचं नाही. "राहू दे की ती चूक. उद्या तिला परत भेटायचंय." माझी वही उघडली की आधी माझा मूर्खपणा दिसे, तारीखवार.

सुटकेची वाट एकच होती : सूर्य. अक्का दिवस बुडायच्या आत जेवायच्या. एकदा बुडाला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पोटात अन्न नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या सूर्यास्ताची वेळ असे. ती जवळ आली की त्या निमूट उठायच्या, मग गणित कुठंही अडकलेलं असो. पाहुणे असोत, पाऊस असो, हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. थंडीत दिवस लवकर मावळतो. थंडीत शिकवलेले धडे माझे अजून जरा कच्चे आहेत.

आता मी त्या कोपऱ्यात पोहोचलो कसा, ते सांगायला हवं. आमचं गाव कोडोली. वडिलांचं, म्हणजे आबांचं, खतांचं दुकान. आबांच्या थोरल्या भावाला, आमच्या काकांना, डिजिटल फ्लेक्स लावायचा भारी सोस. मी बारावीला गेलो त्या वाढदिवसाला त्यांनी चौकातल्या आपल्या घराच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स चढवला : 'भावी डॉक्टर विश्वजित यांना हार्दिक शुभेच्छा.' वर पाच पुढाऱ्यांचे फोटो, खाली मी. पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप फ्लेक्सवाल्यानं आपल्या पदरचा घातला होता. फ्लेक्स लागला म्हणून मला अक्कांची शिकवणी लागली. इतरांचे फ्लेक्स आठ दिवसांत उतरतात. हा स्वतःच्या भिंतीवर असल्यामुळं उतरलाच नाही. परीक्षा झाली, माझा नंबर लागला नाही, फ्लेक्स तिथंच. एसटीची वाट बघत मी रोज माझ्याच खाली उभा राहायचो. जाणारे-येणारे विचारायचे, "काय डॉक्टर, गुडघा धरलाय, काय घ्यावं?" फ्लेक्स लागलेल्या माणसाला मागं फिरता येत नाही. मी परत परीक्षेला बसलो, म्हणजे परत कोपऱ्यात बसलो.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. अमोनिया तयार करताना दाब का वाढवतात, हे मी पाचही 'का'ना पुरून उरत सांगितलं. दाब वाढला की समतोल कमी रेणूंच्या बाजूला सरकतो, चार रेणूंचे दोन होतात, सगळं. अक्का खूश व्हायच्या ऐवजी माझ्याकडं बघत राहिल्या. "तुला येतंय की सगळं. मग तोंड असं का?"

मी म्हणालो, "अक्का, मला डॉक्टर व्हायचं न्हाय."

हे वाक्य मी तोवर कुणापुढंही बोललो नव्हतो. मला वाटलं, आता पाठीवर हात येईल. अक्कांनी खुर्ची आणखी पुढं ओढली.

"मग हुतोयस का?"

"आबांची इच्छा हाय."

"त्यांची का?"

"काकांनी 'भावी डॉक्टर' म्हणून फ्लेक्स लावलाय."

"फ्लेक्स का लावला?"

"माझा वाढदिवस हुता."

"म्हंजे वाढदिवस हुता म्हणून डॉक्टर?" अक्का म्हणाल्या. कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलत. "इतकी वर्षं शिकवतोय मी, पण असं समीकरण बघितलं न्हवतं. परवा आबास्नी घेऊन ये. आणि भावी, तोवर पुढचा धडा वाच." त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'भावी' झालो तो कायमचा.

आबा आले ते इस्त्रीच्या कपड्यांत, पेढे घेऊन. पोराचं कौतुक ऐकायला बोलावलंय, अशी त्यांची समजूत. रिकामी खुर्ची एकच होती. आबा कोपऱ्यात शिरले, अक्का बसल्या, खुर्ची पुढं ओढली. मी दारात. त्या कोपऱ्यात माणूस केवढासा दिसतो, हे मला त्या दिवशी बाहेरून कळलं.

"खताचं दुकान न्हवं तुमचं? युरियाला अमोनिया लागतो. तो करताना दाब का वाढवतात?"

"अक्का, आमी पोती विकतो. आत काय हाय ते कंपनीला ठावं."

"बरं, सोपं इचारतो. पोराला डॉक्टर का करायचं?"

"त्याचं भलं व्हावं म्हणून."

"ते भाषण झालं. का?"

"घरात एक डॉक्टर असावा की."

"का?"

"गावात मान हाय."

"मान कुणाला?"

आबांनी एकदा उठायचा प्रयत्न केला, टेबल मांडीला लागलं, परत बसले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. मी कॅलेंडर बघितलं. "अक्का, दिवस बुडत आला. जेवण..."

"मला दिसतंय," अक्का म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

ऊन गेलं. आत वाढून ठेवलेलं ताट तसंच राहिलं. नेम पाळणाऱ्या घरात ताट असं राहणं म्हणजे काय, हे आबांना कळत होतं. ते एकदम वरमले. "अक्का, तुमी उपाशी..."

"उत्तर आलं न्हाय अजून."

मग आबा हळूच बोलले. "मला तरी कुठं पायजे हुता डॉक्टर? दादानं चौकात लावलं. सगळ्या गावानं बघितलं. मला न्हाय म्हणता आलं न्हाय." मी आबांकडं बघितलं. दोन वर्षं आम्ही दोघं एकाच फ्लेक्सखाली उभे होतो आणि एकमेकांना दिसलो नव्हतो.

"हां," अक्का म्हणाल्या आणि खुर्ची मागं घेतली. "आलं उत्तर. जावा आता."

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः शिडीवर चढले. काका त्यांच्याशी सहा महिने बोलले नाहीत. आबांनी ते फार हौसेनं सोसलं. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि आता साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासतो. तिथंही माझी खुर्ची कोपऱ्यातच आहे. गळीत हंगामात उठायला मिळत नाही. पण कुणी विचारलं, का, तर मला उत्तर येतं. पाचव्यांदा विचारलं तरी येतं.

पुढं अक्कांचे गुडघे गेले. मुलानं त्यांना पुण्याला अकराव्या मजल्यावर नेलं. फोन केला की म्हणायच्या, "आता मी कोपऱ्यात बसलोय बघ, भावी. लिफ्ट आल्याशिवाय उठायचं न्हाय." गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. पुण्याहून येताना मी एसटीत त्यांचा 'का' पाच वेळा विचारून बघितला. उत्तर आलं नाही.

कोडोलीत उतरलो तर चौकात फ्लेक्स : 'रसायनशास्त्राचा महामेरू हरपला.' वर नऊ पुढारी, खाली कोपऱ्यात बारीकशा अक्का. काकांनी त्यांना उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. आठवड्यानं आबांनी तोही उतरवला.

आता आमच्या गोठ्याच्या गळक्या छपरावर दोन फ्लेक्स आहेत. यंदा म्हशींच्या अंगावर पाणी आलं नाही.