अकरा चौकटी, दहा आवाज

मी मस्कतला निघाले त्या दिवशी आयने सरबताची रिकामी बाटली धुऊन तिच्यात आमच्या विहिरीचं पाणी भरून दिलं. म्हणाली, "पाणी बदललं की आवाज बसतो. दोन दिवस हेच पी." माझी धाकटी बहीण सेलिन अंगणात उभी होती, पण रडत नव्हती. तिची निळी ओढणी मी पेटीत टाकली होती, म्हणून चिडली होती. सगळी वाडी निरोप द्यायला जमलेली आणि ही ओरडतेय, "चोरटी! जा एकदाची!"

मस्कतच्या रुवी भागातल्या एका खोलीत आमचा संसार सुरू झाला. पास्कल, माझा नवरा, हॉटेलच्या लाँड्रीत होता. बाटली मी घोट घोट करून दोन दिवस पुरवली आणि तिसऱ्या दिवसापासून समुद्राचं गोडं केलेलं पाणी प्यायला लागले. आवाज काही बसला नाही. तो बसला आत्ता, इतक्या वर्षांनी. कसा, तेच सांगायला बसलेय. तुम्ही वसईत राहिलेल्यांनी वाचा आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनीही वाचा.

मी शिवणकाम करत आले, बायकांचे काळे पायघोळ अबाये, मुलांचे युनिफॉर्म, जे येईल ते. साठी उलटल्यावर मोबाइलवर बघून युकुलेली शिकले. रुवीच्या दुकानात ते चार तारांचं इवलंसं गिटार हातात घेतलं, तर दुकानदार म्हणाला, "अम्मा, बेबी के लिए?" म्हटलं, "बेबी मैं ही हूँ, पॅक करो."

सेलिनही तिकडे शिकली, तिच्या मुलीकडून, शर्लीकडून. आणि लॉकडाऊनमध्ये शर्लीने आम्हा वाडीतल्या अकरा जणींना जमवलं. चौघी वसईत, बाकीच्या दुबई, टोरांटो, कुठे कुठे. मस्कतमधून मी एकटी. पद्धत अशी की शर्ली मूळ गाणं पाठवते, ते आपण कानात लावायचं आणि त्याच्याबरोबर वाजवायचं. मोबाइल फक्त आपलं वाजवणं टिपतो. मग शर्ली सगळ्यांचे तुकडे जोडते आणि पडद्यावर अकरा चौकटींत अकरा बायका एकत्र वाजवताना दिसतात.

यंदा सेलिनच्या मुलाचं, केविनचं, लग्न ठरलं. आमच्यात लग्नाआधी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरदेवाच्या आंघोळीसाठी पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्यावेळचं गाणं आय गायची. मी तिसऱ्या ओळीला नेहमी पुढे पळायची आणि आय हातातला भाताचा डाव माझ्या पाठीत मारायची. "धावू नको फिलू, तुला काय बोट पकडायचीय?" तेच गाणं वाजवायचं ठरलं, व्हिडिओ त्या दिवशी मांडवात लावायचा. मला जाता येणार नव्हतं, नेमक्या त्याच आठवड्यात पास्कलच्या गुडघ्याचं ऑपरेशन. म्हटलं ठीक आहे, लग्नात मी नसेन, माझी युकुलेली असेल. महिनाभर बोटांना घट्टे पडेपर्यंत वाजवलं.

शुक्रवारी मिस्सा झाली. आमचा रविवार इथे शुक्रवारीच असतो. चर्चच्या हॉलमध्ये बायकांना वाजवून दाखवून भाव खाल्ला, मग पास्कलबरोबर तशीच गाडी काढून बरक्याच्या मासळीबाजारात गेलो. युकुलेली डिकीत. जूनचं ऊन. घरी आल्यावर मासे फ्रीजमध्ये टाकले, लिपस्टिक लावली, दोन्ही कानांत इअरफोन घातले, एका दमात रेकॉर्ड करून पाठवून दिलं. शर्लीने अंगठा पाठवला. वर एक हृदय.

आठवड्याने व्हिडिओ आला. काय गोड! मी चौकटीत खालच्या ओळीत, हसतेय, मान डोलावतेय. ग्रुपवर फुलंच फुलं. मी दहा वेळा पाहिला.

मग वाटलं, आपलं एकटीचंही ऐकूया. फोनमध्ये मूळ रेकॉर्डिंग होतंच. तेव्हापर्यंत ऐकलंच नव्हतं, ऐकतं कोण? लावलं.

बायांनो, मी सोफ्यावर बसलेच. चारही तारा उन्हाने सैल पडलेल्या, त्याही चार तऱ्हेने. कानात शर्लीचं गाणं मोठ्याने चालू, त्यामुळे मला स्वतःचं काहीच ऐकू आलं नव्हतं. स्वयंपाकघरातून पास्कल ओरडला, "फिलू, मांजर आलंय का घरात?"

आधी हसू आलं. मग हसू थांबलं. हे असं पाठवलं, तर तिकडे ते गोड कसं झालं? व्हिडिओ पुन्हा लावला, फोन कानाला चिकटवला. सुरुवातीला सगळ्या जणी थांबतात आणि मी एकटी युकुलेलीच्या पोटावर दोन टिचक्या मारते. चित्रात माझं बोट दोनदा आपटलं. आवाज नाही. पुन्हा लावलं. नाही. मी हसतेय, वाजवतेय, आणि माझा आवाज काढून टाकलाय.

सेलिनला फोन लावला, माझा आवाज कुठे गेला म्हणून विचारलं. तिने तो सरळ शर्लीच्या हातात दिला.

"मावशी, तुला वाईट वाटू नये म्हणून गं. तू केवढ्या हौसेने केलंस. परत करायला कसं सांगायचं?"

"तुझ्या आईला सांगतेस?"

"आईला? आईला सात वेळा करायला लावलं. भांडलो आम्ही."

इथे मला खरा धक्का बसला. बेसूर वाजवल्याचा नव्हे. सेलिनशी भांडतात आणि मला हृदय पाठवतात! मागच्या सुट्टीचं सगळं एकदम डोळ्यासमोर आलं. माझ्यापुढे कपाटातले सोनेरी काठाचे कप. माझ्यासाठी विकतच्या पाण्याची बाटली. मी बोंबील साफ करायला बसले, तर सेलिनने विळी काढून घेतली, "तू बस गं, चार दिवस आलीस." मला वाटायचं, किती माया! पाहुणीला असंच करतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

"सेलिनला दे," म्हटलं. ती आल्यावर विचारलं, "आणखी काय काय बंद केलंय माझ्यापासून?"



"विहीर बुजवली," ती म्हणाली. "तू येऊन गेलीस त्यानंतरच्या मे महिन्यात. पाणी खारट झालं होतं, पंपही चालेना. आता तिथे गाड्या लावतात. तुला तिकडे उगाच कशाला..."

महिनाभर मी ज्या विहिरीवर जायचं गाणं वाजवत होते, ती विहीरच नव्हती. विचारलं, "मग उंबराचं पाणी?"

"नळाचं. नवा नळ लावलाय मांडवात, त्याला हार घालणार."

मग मी रडले, ओरडले, काय काय बोलले आठवत नाही. शेवटी सेलिनही भडकली. "बस झालं! तुला सगळं ऐकायचंय ना, मग ऐक! तारा सुरात लावायला तुला जमत नाही, तिसऱ्या ओळीला लहानपणापासून धावतेस, आणि माझी निळी ओढणी अजून दिली नाहीस, चोरटी!"

मग पलीकडे शर्ली फिसकन हसली.

ओढणी माझ्याकडे आहे. विरली, तरी आहे. दुसऱ्या दिवशी ती गळ्यात घालून बसले. तारा दोनदा तपासल्या. एका कानात इअरफोन, दुसरा कान उघडा. एका कानाने वाडीचं गाणं ऐकायचं आणि दुसऱ्याने, इथे रुवीत, माझ्या बोटांतून काय निघतंय ते. इतकी वर्षं दोन्ही कान तिकडेच लावून बसले होते मी. पाठवलं.

अंगठा नाही, हृदय नाही. शर्लीचा आवाज आला. "मावशी, टिचक्या मस्त. पण तिसऱ्या ओळीत अजून धावतेस. पुन्हा पाठव." मागून सेलिन, "सांग तिला, बोट पकडायची नाहीये!"

लोक मला अजून विचारतात, घर कुठलं, वसईचं की मस्कतचं. विहीर होती तोवर मी वसई म्हणत होते. आता विचाराल तर म्हणेन, जिथून मला "पुन्हा पाठव" येतं ते. केविनच्या लग्नाला नळाच्या पाण्यावर अकरा आवाज असतील. पास्कलला म्हटलं, चहा तूच कर, आणि तिसऱ्यांदा बसले.