सरकारांच्या वाटचं चालणं

गल्लीत त्यांना सगळे सरकार म्हणत. हे नाव काकूंनीच ठेवलेलं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, आणि कौतुकानं मुळीच नाही. नवऱ्याला काम सांगितलं की आधी उत्तरच येत नाही, मग कधीतरी ‘बघू’ येतं आणि शेवटी ते काम आपल्यालाच करावं लागतं, हे त्यांना महिनाभरात कळून चुकलं होतं.

सरकारांनी जन्मात कधी इकडची काडी तिकडे केली नाही. नोकरीसुद्धा त्यांनी अशी शोधली की जग आपल्याकडे चालत येईल. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर ते केबिनमध्ये बसायचे. मालट्रक येऊन काट्यावर उभा राहायचा, आकडा समोर दिसायचा, सरकार तो चिठ्ठीवर लिहून खिडकीतून हात बाहेर काढायचे. हात पोचला नाही तर ड्रायव्हर खाली उतरायचा. निवृत्तीनंतर केबिनच्या जागी बाहेरच्या खोलीतला दिवाण आला, एवढाच काय तो फरक. पाणी, चष्मा, वर्तमानपत्र, हातातून निसटलेलं वर्तमानपत्र, सगळं हाकेसरशी हजर. शर्टाची बटणंही काकूच लावायच्या, कारण सरकार स्वतः लावायला घेत तेव्हा जिथे जायचं तिथला कार्यक्रम आटोपून जाई. असेल हरी तर देईल खाटल्यावरी, असं म्हणतात. या घरात हरीची ड्यूटी काकूंकडे होती.

शहात्तराव्या वर्षी सरकारांचं पोट दुखायला लागलं. दुखणं गॅसचं निघालं, पण सोनोग्राफीत लिव्हरमध्ये एक गाठ दिसली आणि पुढच्या तपासण्यांत ती कॅन्सरची निघाली. सर्जन म्हणाले, एकच गाठ आहे, कडेला आहे, तेवढा तुकडा कापून काढता येईल. फक्त वय पाहता हे ऑपरेशन त्यांना झेपेल का, ते आधी वृद्धांच्या डॉक्टरांकडून तपासून आणा. त्या हो म्हणाल्या तर तारीख देतो.

वृद्धांच्या डॉक्टर स्वतः अगदी तरुण होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. वयाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, अंगात ताकद किती शिल्लक आहे ते महत्त्वाचं. लिव्हरच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी माणसाला उठवून बसवतात, उभं करतात. जो नुसता पडून राहतो त्याच्या छातीत कफ साठतो आणि सगळं अवघड होऊन बसतं. पडून राहणं, हे शब्द ऐकताच काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीला टेकायला जागा शोधत होते.

मग प्रश्न सुरू झाले. आंघोळीचं पाणी कोण काढतं? ‘ही काढते.’ कपडे कोण घालतं? ‘ही असतेच.’ औषधं? बाजारहाट? दोन्हीकडे हीच. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरत चालला. स्मरणशक्ती मात्र खणखणीत निघाली. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते सरकारांनी उलटसुलट म्हणून दाखवले. घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा बिनचूक काढलं आणि या वेळेला इथे चहा मिळतो का, असंही विचारून घेतलं. मुठीची ताकद मोजायचं यंत्र दाबलं तर काटा बराच वर गेला. घोडं अडलं ते खुर्चीपाशी. हात छातीशी बांधून, कशाचाही आधार न घेता, पाच वेळा उठायचं आणि बसायचं होतं.

‘आत्ताच तर बसलोय,’ सरकार म्हणाले.

बरंच समजावल्यावर ते अर्धे उठले, धपकन खाली बसले आणि नमुन्यादाखल एक पुरे, असं म्हणाले. समोरच्या भिंतीपर्यंत चालून दाखवा म्हटलं तर तिथे काय आहे, अशी चौकशी केली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. काका फारच अशक्त वाटतात, ऑपरेशनला हो म्हणायचा धीर होत नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. ते ऐकून काकू खुर्चीतून उठल्याच.

‘डॉक्टर, अशक्त नाहीत हो ते. आळशी आहेत.’

ज्या आळसाबद्दल त्यांनी जन्मभर नातेवाइकांपुढे कपाळ बडवून घेतलं होतं, त्याचे पुरावे त्या आता हिरिरीनं मांडू लागल्या. विमा एजंट दारात आला तेव्हा हेच गृहस्थ मागच्या दारानं कसे पसार झाले होते. मॅच रंगात आली असताना घरातला टीव्ही बंद पडला, तर दोन-दोन पायऱ्या चढत तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे कसे पोचले होते. सरकारही मान डोलावत होते. आपल्याबद्दल इतकं चांगलं बायको पहिल्यांदाच बोलत होती.

डॉक्टरबाईंनी हसू आवरलं. तुमचं खरं असेल, पण पाय आजारानं वापरले नाहीत की हौसेनं, हे पायांना कळत नाही, असं त्या म्हणाल्या. स्नायू झिजायचे ते झिजतातच. त्यांनी महिन्याभराची मुदत दिली. रोज चालायचं, खुर्चीवरून उठबस करायची, अंडी आणि दूध घ्यायचं, गोळे वर ओढायच्या नळीनं श्वासाचा व्यायाम करायचा आणि आपली कामं आपण करायची. मनगटावर बांधायला एक पट्टा दिला. माणूस किती चालला ते त्यात नोंदलं जाई आणि डॉक्टरबाईंना कळे.

ही बातमी ऐकून शेजारीणबाई सवयीनं म्हणाल्या, ‘जित्याची खोड मेल्याशि...’ आणि जीभ चावून घरात गेल्या.

पहिल्या दिवशी सरकार फाटकापर्यंत गेले आणि ऊन आहे म्हणून परतले. दुसऱ्या दिवशी ढग होते, पण बूट चावला. नळीतल्या गोळ्यांचा व्यायाम त्यांना आवडला होता, पण तो पडून नाही, बसून करायचा असतो हे कळल्यावर तोही मागे पडला. चालण्याचा आकडा इतका किरकोळ दिसत होता की फोनवर तो बघणाऱ्या त्यांच्या मुलाला पट्टाच बिघडल्यासारखा वाटला. काकूंचा धीर सुटत चालला. तेव्हा दिवाणावरून सरकारांनी तोडगा काढला.

‘अगं, तू अशीही दिवसभर फिरतच असतेस. तूच घाल ना हातात.’

काकूंनी खरं तर तो पट्टा त्यांच्या डोक्यात घालायला हवा होता. पण त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त ऑपरेशनची तारीख होती. आकडा चांगला दिसेल, डॉक्टर हो म्हणतील, गाठ निघेल, माणूस वाचेल. आजवर याचं सगळं आपणच केलं, त्यात आणखी एक. त्यांनी पट्टा बांधला. आणि कामात कुचराई त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून संध्याकाळी त्या आवारात वेगळ्या फेऱ्याही मारू लागल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, हे सरकारांच्या वाटचं चालणं आहे. स्वयंपाकघरात हात छातीशी बांधून त्यांच्या नावानं उठाबशाही काढायच्या. सरकार खिडकीतून लक्ष ठेवून असत. आज दोन फेऱ्या कमी झाल्या, असंही म्हणत.

महिना झाल्यावर दोघं पुन्हा डॉक्टरबाईंपुढे बसले. आकडे पाहून त्या आधी खूश झाल्या, मग बुचकळ्यात पडल्या.

‘काका, पहाटेपासून चालताय, दुपारीसुद्धा टेकत नाही. आणि एवढे जिने कशासाठी चढता?’

सरकारांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. काकू खाली बघत पुटपुटल्या, कपडे वाळत घालायला गच्चीवर जावं लागतं, टाकीतलं पाणी बघावं लागतं, दुपारी कपडे काढून आणावे लागतात. सरकार ऐकत राहिले.

मग खुर्चीची वेळ आली आणि बिंग फुटलं. सरकार एकदाही नीट उठू शकले नाहीत. या वेळी त्यांनी खरोखर जोर लावला होता, आणि तरीही पाय उचलेनात म्हणून ते स्वतःच घाबरले. डॉक्टरबाईंनी काकूंच्या मनगटावरचा पट्ट्याचा वळ पाहिला.

‘काकू, लिव्हर तुमचं कापायचं असतं तर मी उद्याचीच तारीख दिली असती.’

कुणी हसलं नाही. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. आणखी दोन आठवडे थांबता येईल, त्यापुढे गाठ कुणासाठी थांबणार नाही. काकू बसल्या जागी रडायला लागल्या. नवऱ्यासमोर रडायची त्यांची ही पहिलीच वेळ.

‘अहो, तुमच्या वाटचं सगळं केलं मी. पण हे मी चाललेलं तुमच्या अंगी लागत नाही हो.’

सरकारांनी हात पुढे केला आणि पट्टा मागितला. तो मनगटावर बांधायला त्यांना इतका वेळ लागला की पुढचा पेशंट दार ढकलून आत डोकावला. काकूंचे हात मदतीला शिवशिवत होते, पण डॉक्टरबाईंनी त्यांना मानेनंच नको म्हटलं.

पुढचे दोन आठवडे साऱ्या गल्लीनं सरकारांची बोलणी खाल्ली. चालताना ते रस्त्याला, बुटाला, सर्जनला आणि हवेला नावं ठेवत, पण चालत. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसून दम खात आणि परत निघत. घरात पेले कोणत्या फळीवर असतात, याचा त्यांना शोध लागला. एकदा गच्चीवर जाऊन आले आणि जिना फार उंच आहे, हे काकूंना नवीन बातमी असल्यासारखं सांगितलं. काकूंचे हालच झाले. ‘पाणी’ असं नुसतं ऐकू आलं तरी त्या उठत, आणि मग दातओठ खाऊन पुन्हा बसत.

तिसऱ्या वेळी डॉक्टरबाईंपुढे सरकार हात बांधून उठले, बसले, पुन्हा उठले. पाचव्या वेळी त्यांनी असा हुंकार दिला की बाहेरची माणसं दार उघडून बघायला आली. डॉक्टरबाईंनी हो म्हणून सही केली. ऑपरेशन लांबलं, पण पार पडलं, आणि गाठ पूर्ण निघाली.

दुसऱ्या दिवशी काकू वॉर्डाबाहेर बसल्या होत्या. नर्स हसत बाहेर आली. तुमचे पेशंट फार उत्साही आहेत हो, असं म्हणाली. मी उठवायच्या आधी स्वतःच कडेला बसले आणि उभं करा म्हणून मागे लागले.

‘नाव नीट बघा हो,’ काकू म्हणाल्या, ‘आमचे असे नाहीत.’

त्या धावतच आत गेल्या. सरकार पलंगाची दांडी धरून उभे होते. अंगाला नळ्या, तोंड दुखण्यानं वाकडं, पाय लटपटताहेत. काय हवंय, का उठलात, पाणी देऊ का, असं काकू एका दमात विचारत होत्या. सरकारांनी पलंगाशेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

‘काही नको. तू बस. मी उभा आहे.’

काकू बसल्या, आणि नर्स परत येईपर्यंत दोघांनी एकमेकांना कुठलंही काम सांगितलं नाही.