गावकर बाई आणि खुर्च्या

गेल्या महिन्यात एका सोमवारी पहाटे शेवंती गावकर यांचे म्हापशातील इस्पितळात निधन झाले. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात त्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत. निवृत्तीनंतर गावच्या बहुउद्देशीय बंदिस्त क्रीडागृहात रोज संध्याकाळी मुलींचा बॅडमिंटनचा सराव घेत. आदल्या दिवशी मी, गावचा वार्ताहर, भेटायला गेलो, तेव्हा तब्येतीविषयी त्या काही बोलल्या नाहीत. "आज हॉल कोणाक दिलो?" एवढेच विचारले. साड्यांचे प्रदर्शन आहे, असे मी सांगितले. "छापलंस?" छापले, आतल्या पानावर. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

गोवा मुक्तीनंतर कित्येक वर्षे गावातले बॅडमिंटन देवळासमोरच्या पटांगणात चालले. वारा सुटला की शटल नारळाच्या झाडांत आणि मुली घरी. बंदिस्त जागा हवी, ही मागणी बाईंनी तरुणपणी केली आणि केस पिकेपर्यंत करत राहिल्या. पायाभरणी दोनदा झाली, दोन वेगळ्या सरकारांच्या हस्ते, दोन वेगळ्या जागी. पहिल्या जागी अजून फक्त दगड आहे. दुसऱ्या जागी अखेर इमारत उभी राहिली, आत खेळासाठी खास लाकडी फळ्यांचा तळ बसवला. उद्घाटनाच्या दिवशी त्याच तळावर लोखंडी पायांच्या खुर्च्या मांडून भाषणे झाली. खेळ झाला नाही. वेळ उरला नव्हता.

पुढे भजनी स्पर्धा झाल्या, काजू महोत्सव झाला, मतमोजणी झाली, लग्ने तर विचारूच नका. प्रत्येक वेळी खुर्च्या येत, फळ्यांवर चरे पडत आणि सराव बंद राही. तक्रार केली की क्रीडागृहाच्या समितीचे उत्तर ठरलेले: "बाई, हॉल बहुउद्देशीय. खेळ हो एक उद्देश."

बाईंशी वागणेही सोपे नव्हते. समितीने त्यांना सदस्यत्व देऊ केले; त्यांनी नाकारले, कारण बैठक हॉलमध्ये खुर्च्या टाकून होई. फळ्यांवर जाजम घालण्याची तयारी दाखवली, तेही नको. जाजमावर खेळतात का, असा त्यांचा प्रश्न. पाव घेऊन येणारा पोदेर माझ्या दारात पोहोचायच्या आधी त्यांचा फोन वाजे, आणि बातमी रोज तीच असे. संपादक वैतागले होते, मीही. एका लग्नाच्या दिवशी तर त्या मुख्य दारातच उभ्या राहिल्या आणि वऱ्हाड अडवले.

"व्हाणां काढा, मगे भितर या."

"ह्या काय देऊळ?" इब्रामपूरहून आलेल्या नवरदेवाच्या मामाने विचारले.

"देवळात न सांगता काढतास मरे? हय सांगूचा लागता, इतकोच फरक."

मुहूर्त टळायला आला, तेव्हा नवरदेवाने स्वतःच बूट काढले आणि त्याच्यामागून सगळ्यांनी. परतताना चपलांचा असा गोंधळ उडाला की मामा अनवाणी बसमध्ये चढले. त्यानंतर समितीने सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचा वेळ मुलींसाठी राखून ठेवल्याचे जाहीर केले. एकही पूर्ण महिना ते पाळले गेल्याचे मला आठवत नाही.

बाई गेल्यावर समितीने शोकसभा ठेवली. क्रीडागृहात, संध्याकाळी, सरावाच्या वेळेला. फाटकावर सराव रद्द झाल्याची सूचना होती आणि तिच्याखाली रॅकेट घेऊन आलेल्या मुली उभ्या होत्या. आत खुर्च्या मांडून झाल्या होत्या. लोक चपला घालून येत होते. बाईंची धाकटी बहीण इंदू तुयेच्या कारखान्यात काम करते. ती पाळी संपवून थेट आली, दारातून आत पाहिले आणि अध्यक्षांकडे गेली.

"पात्रांव, खुर्च्यो भायर घाला."

"आता? अगो, लोक बसले. आनी बायचोच तर हो हॉल!"

"तर पोरींका खेळाक दिया."

"फाल्या खेळतली. एका दिसान काय जाता?"

चप्पल काढून इंदू व्यासपीठावर चढली, हार घातलेली तसबीर उचलून काखेत घेतली आणि बाहेर पडली. फोटोशिवाय शोकसभा कशी करायची, यावर समितीच्या सदस्यांत थोडी चर्चा झाली. मग तिच्यामागोमाग वाहने लावायच्या जागेत खुर्च्या नेण्यात आल्या. वाहिलेल्या फुलांच्या पाकळ्या मुलींनी झाडून काढल्या आणि जाळे बांधले. बाहेर अध्यक्षांनी बाईंच्या क्रीडाप्रेमावर दीर्घ भाषण केले. आतून शटलचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सराव झाला नाही. हॉल एका मेळाव्यासाठी दिलेला होता.