बकुळीभोवतीची पऱ्हाटी

मे १९५८, दिग्रस. सकाळी अंगणात सासूबाई, धाकटी जाऊ आणि मी.

सासूबाईंनी उमरखेडहून, माहेरच्या बकुळीचं रोप आणलं होतं. कापूस वेचून झाला की कपाशीची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, रोपाभोवती सावलीला उभी करायची, ही आमच्याकडची रीत. त्या पऱ्हाटीतूनच वाळवी बकुळीच्या खोडावर चढली.

"चुलीतलं जळतन झाडाले नेसवलं, मंग काय होईन!" जाऊ म्हणाली.

मी पऱ्हाटी उपटून फेकली, वाळवीची माती खरवडली आणि नखानं साल उचकटून पाहिली.

"काय दिसते वं? जगन ना?" सासूबाईंनी वाकून विचारलं.

आत हिरवं होतं. "जगन," मी म्हटलं.

पण ऊन बकुळीपर्यंत पोचलं होतं, आणि सावलीची दुसरी सोय व्हायचीच होती.